मानस : सात नोंदी

दुर्भाटहून फटी गांवकर आले
तेव्हा वाचनालयात पंखा होता आणि मी.
चपला दाराबाहेर, काखेत घडी घातलेली पिशवी.
"बाय, मानशीचेर पुस्तक आसा?"

मी टाइप केलं : मानस.
संगणक जरा घुटमळला,
मग त्यानं सात नोंदी दिल्या.

पहिलं, मास्तर लोकांसाठी : बालमानस आणि छडी.
दुसरं जाडजूड, मानसाचे तळघर,
ते नेणारा नेहमी वर्तमानपत्रात गुंडाळून नेतो.
तिसरं मानसपूजेचं, फुलांशिवाय, घंटेशिवाय,
मनातल्या मनात नैवेद्य कसा दाखवावा.
चौथी कादंबरी, मानसकन्या वसुधा,
शेवटची अकरा पानं नाहीत,
तरी वर्षातून तीनदा जाते
आणि अजून कुणी तक्रार केलेली नाही.
पाचवं, मानसरोवरी एकोणीस दिवस, फोटोंसह.
सहावं, मानसीच्या हातचे,
कुणा बाईंनी पदरमोड करून छापलेल्या पाककृती.
सातव्याची नुसती नोंद आहे.
पुस्तक मी कधी पाहिलेलं नाही.

फटींनी सहाही टेबलावर मांडली,
बाजारात बांगडे उलटेपालटे करावेत तशी पाहिली,
अनुक्रमणिकेवरून बोट खालपर्यंत नेलं,
एकेकीच्या.
"हांगा उदक खंय आसा?"

तेव्हा मला कळलं, कुठली मानस.
खाजन शेताच्या बांधातली.
जांभ्या दगडाच्या जबड्यात टांगलेली लाकडी दारं.
भरती चढते, आणि भरतीच त्यांना ढकलून बंद करते.
सुकती लागली की आतलं पाणी आपलं आपण
दार उघडून बाहेर पडतं.
माणसानं जागं राहायचं फक्त,
रात्री तोंडाशी जाळं धरायचं,
कोळंबी, शेवटो, एखादं काळुंद्र.
बावीस वर्षं ते जागे राहिले.
मी फोंड्यातलीच. त्या बांधावरून
स्कूटरनं कितीदा गेले असेन,
मला ती पडकी मोरी वाटायची.

आता तिथं लोखंडी शटर बसणार आहे.
इंजिनियर आला होता, मोजून गेला,
जुनं दार किती तिरकं टांगायचे, म्हणाला,
कुठं लिहिलेलं आहे का?
फटींनी हात तिरका धरून दाखवला.
हात फाइलला लावता येत नाही, तो म्हणाला.
माणूस वाईट नव्हता, फटी म्हणाले,
दोन वेळा चहा घेतला त्यानं.

शेवटी त्यांनी पाचवं नेलं.
"उदक तरी आसा."

पंधरा दिवसांनी परत आलं, मुदतीत.
नातू देऊन गेला. पानांना खाऱ्या चिखलाचा वास,
कैलासाच्या पायथ्याशी कोळंबीची वाळलेली एक मिशी.
आणि मागच्या कोऱ्या पानांवर,
जिथं बर्फाचे फोटो संपतात,
पेन्सिलीनं, शिरोरेषा न देता :

दारां दोन. लाकूड माट्टीचें.
उंचाय साडेतीन हात.
तिरकें, पाखडटना सूप धरतात तितलें.
कुर्ली शिरकली जाल्यार दार बसना.
काठयेन काडची. मारची न्हय.

पुस्तकात लिहिल्यास दंड वीस रुपये,
हा नियम भिंतीवर माझ्याच अक्षरात आहे.
पावतीपुस्तक काढलं. कार्बन घातला.
कार्बन काढला.
संगणकावर पाचव्या नोंदीच्या पुढे,
विषयाच्या रकान्यात, 'तीर्थाटन' होतं.
त्यापुढे एक स्वल्पविराम दिला
आणि कर्सर कितीतरी वेळ लुकलुकू दिला.

पानाच्या तळाशी अजून एक ओळ होती,
घाईत लिहिलेली, खाली घसरत गेलेली :
उरिल्लें फाल्यां. सुकती लागल्या.